अडलेला बोल्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत विज्ञान शिकवताना तीस वर्षं मी एक प्रयोग न चुकता केला. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे. पहिल्या नळीत साधं पाणी. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि त्यावर तेलाचा थर. तिसरीत कॅल्शियम क्लोराइड घालून कोरडी केलेली हवा. काही दिवसांनी फक्त पहिल्या नळीतला खिळा तांबूस झालेला दिसायचा. तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रयोग केला असेल, निदान परीक्षेत त्याची आकृती काढली असेल. गंजायला पाणीही लागतं आणि हवाही, हे वाक्य मुलं पाठ करायची. माझंही पाठच होतं. गंज म्हणजे खरोखर काय, हे मात्र मला निवृत्तीनंतर कळलं, एका मोटारीखाली उताणा पडलो असताना.

मोटार वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गाडी १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला पद्मिनी कोणीच म्हटलं नाही. ती फियाटच. मुळात ती इटलीची फियाट अकराशेच होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. अण्णांनी आपली गाडी १९८४ साली सेकंडहँड घेतली आणि वीस वर्षं चालवली. नंतर ती घरामागच्या कौलारू शेडमध्ये उभी राहिली, ती राहिलीच. आमचं घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून दोन किलोमीटरवर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारा महिने खारा वारा. माझी पहिली परीक्षानळी म्हणजे आमची शेडच म्हणा ना!

पंच्याऐंशी पूर्ण झाली त्या दिवशी अण्णा म्हणाले, "एकदा तिच्यातून बंदरापर्यंत जाऊन यायचं होतं." होतं म्हणाले, आहे नाही. ते मला लागलं. पुढच्या वाढदिवसाला गाडी तयार, असं मी बोलून बसलो. गावातल्या एका जुन्या मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, इंजिन नाही त्रास देणार. बोल्ट देतील."

बोल्ट का अडतो ते आधी सांगतो, कारण ते कळल्यावर निम्म्या चुका टळतात. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा घेतो, ओल धरून असेल तर त्याहूनही जास्त. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये जागा असते केसाहून कमी. तिथे हा फुगलेला गंज पाचर ठोकल्यासारखा बसतो. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि ही क्रिया आणखी जोरात चालते.

दुसरी गोष्ट घर्षणाची. चांगला बोल्ट आवळतानाही आपण पान्याने लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा त्याला ताणण्यात जातो. उरलेल्यातला निम्म्याहून अधिक डोक्याखालच्या घर्षणात आणि बाकीचा आट्यांमध्ये खर्च होतो. म्हणजे जुना बोल्ट अडतो तोही दोन ठिकाणी, आट्यात आणि डोक्याखाली. आपण मात्र आट्यांवर तेल ओततो आणि डोकं कोरडंच ठेवतो. मिस्त्री पाना लावायच्या आधी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने पाच-सहा नेमके ठोके द्यायचे. मला वाटायचं, ही त्यांची सवय. पण त्या ठोक्यांनी डोक्याखालचा गंज तडकतो आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते.

तेलाचं म्हणाल तर फवाऱ्याचे डबे मिळतात. आमच्याकडे त्या सगळ्यांनाच डब्ल्यूडी म्हणतात. खरं तर डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अडलेल्या आट्यांसाठी खास भेदक तेलं वेगळी असतात. पण कुठलंही तेल असो, त्याला वेळ द्यावा लागतो. आमचा क्रम असा ठरला: आधी तारेच्या ब्रशने आटे साफ, मग तेल, मग ठोके, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे चार-पाच दिवस. पाना त्यानंतर. मी रोज सकाळी चहाच्या आधी गाडीला तेल घालून यायचो. घरात यावरून थोडी थट्टाही झाली.

पान्यांची गोष्ट वेगळीच. फियाट मिलिमीटरची गाडी, तर अँबॅसॅडर विलायती वंशाची, तिला इंची पाने. पण चाळीस वर्षांत कुठल्या गॅरेजमध्ये कुठला बोल्ट बसवला गेला असेल, सांगता येत नाही. आमच्या गाडीत बंपरजवळ एका बोल्टाला तेराचा पाना लागला, पण किंचित डुलत होता. मी रेटणार एवढ्यात मिस्त्रींनी हात धरला. तो अर्ध्या इंचाचा बोल्ट निघाला, म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक केवळ ०.३ मिलिमीटरचा, पण तेवढ्यात षटकोनाचे कोपरे गोल होतात आणि मग कुठलाच पाना धरत नाही. म्हणून फिक्स पाना सुरुवातीला नको. आतून सहा कोन असलेली गोटी घ्यावी. बारा कोनांचा रिंग पाना कोपऱ्यावर जोर देतो, सहा कोनांची गोटी सपाट बाजूवर. स्लाइड पाना तर मिस्त्रींनी माझ्या हातातून काढूनच घेतला. "हा नळाचा," म्हणाले.

आणखी एक युक्ती त्यांच्याकडून शिकलो. अडलेला बोल्ट आधी सोडवायचा नाही, किंचित आवळायचा. अगदी केसभर. गंजाची पकड कुठल्याही दिशेने सुटली की झालं. "टक्क" असा आवाज आला तर शुभ. मग पाव वळसा मोकळा, थोडा परत, पुन्हा तेल. ओरबाडल्यासारखा एकदम फिरवायचा नाही, नाहीतर गंजाचा चुरा आट्यांत अडकून तो पुन्हा धरतो. दाराच्या कुलपाच्या पट्टीचे स्क्रू असे निघेनात, तेव्हा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. त्याच्या मागे हातोडी मारली की तो स्क्रूला आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. चारही स्क्रू पाच मिनिटांत बाहेर. एवढा आनंद मला कुठल्याही निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

उष्णता हे शेवटून दुसरं अस्त्र. दहा मिलिमीटरचं भोक असलेला पोलादी नट तीनशे अंशांनी तापवला तर ते भोक साधारण ०.०३६ मिलिमीटरने मोठं होतं, म्हणजे निम्मा केस. तेवढं पुरतं. फक्त तापवायचा नट, बोल्ट नाही. गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आम्ही असे सोडवले. पण ज्योत पेटवण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या उतरवून लांब ठेवल्या होत्या, आणि रबरी बुश असेल तिथे ज्योत नेलीच नाही. काही ब्रेक-क्लीनर फवाऱ्यांमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो. तो तापला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, तोच पहिल्या महायुद्धात वापरला गेलेला. तेव्हा फवारा मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग नकोच. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवला तर धूर नाकात जाऊ देऊ नये. ही सूचना मी शिक्षक म्हणून करतो आहे, मिस्त्रींनी केली नव्हती.

आता माझ्या चुकीकडे येतो. वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. मिस्त्री भाचीच्या लग्नाला चिपळूणला गेलेले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट निघाले की हेड उतरवता येणार होतं. तीन निघाले. चौथ्याला तेल घालून एकच दिवस झाला होता. मी पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि लोंबकळलो. नट फिरायला लागला. टक्क झालं नाही. उलट काहीतरी मऊ, ताणल्यासारखं हाताला जाणवलं, ओल्या फांदीला पीळ द्यावा तसं. ती सूचना होती. पोलाद तुटायच्या आधी असं सांगतं, पण मी ते कधी ऐकलंच नव्हतं. पुढच्या क्षणी मी जमिनीवर होतो. स्टड हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटला होता आणि त्याचा उरलेला भाग आतच राहिला होता.

फियाटच्या या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे आणि स्टड पोलादाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे लहानसा विद्युतघटच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी होऊन स्टडला घट्ट धरतं. अशा जागी घाई केली तर दहा रुपयांच्या नटापायी अख्खं हेड जायची वेळ येते.

मिस्त्री परत आले. रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, पाना लावायच्या आधी ठरवायचं असतं, दोघांतला कोण मेला तर चालेल." मला आधी कळेना. मग त्यांनी उरलेल्या नटांपैकी एकाला हॅकसॉचं पातं लावलं, सपाट बाजूला आट्यांपर्यंत कापलं आणि छिन्नीचा एक ठोका दिला. नट उकलला. स्टड जागच्या जागी, आटे शाबूत. नट बाजारात मिळतो. स्टडही मिळतो, पण तो आत तुटला तर त्याच्याबरोबर हेड पणाला लागतं. हेड फार मोलाचं आणि या गाडीचं तर शोधावं लागतं. तेव्हापासून प्रत्येक बोल्टासमोर मी आधी हाच प्रश्न विचारतो. ब्रेकच्या चाकातल्या सिलिंडरची निपल अडली तेव्हा उत्तर उलटं आलं. सिलिंडर तसाही बदलायचाच होता, मग निपल वाचवण्यात दोन दिवस का घालवायचे?

तुटलेला स्टड काढायला दुकानात ईझी-आउट मिळतं. स्टडमध्ये मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा हा खिळा फिरवायचा. मिस्त्रींना ते पसंत नव्हतं. ते अतिशय कडक पोलादाचं असतं. आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही. त्यांनी हेड उतरवून वेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्याने तुटक्या स्टडच्या तोंडावर वेल्डिंगचा ठिपक्यावर ठिपका चढवला. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेड सुरक्षित राहिलं. मग त्या उंचवट्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड केला. दोनदा नट उखडून आला. तिसऱ्यांदा त्याने हेड सगळ्या बाजूंनी हलकं तापवलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. फार तापवून मात्र चालत नाही. लोखंड लाल होऊन इशारा देतं, ॲल्युमिनियम इशारा न देता वितळतं. पाना लावला आणि टक्क!

एवढं होईपर्यंत वाढदिवस आला होता. गाडीला इंजिनाचं हेड नव्हतं, पुढची चाकं नव्हती. मी अण्णांना सांगितलं, जमलं नाही. ते शेडमध्ये आले, पुढची सीट आम्ही नुकतीच परत बसवली होती तीवर बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग उतरून म्हणाले, "हे डबे असे कसे ठेवलेत?"

डबे म्हणजे काढलेल्या बोल्टांचे. मी सगळे तीन बिस्किटांच्या डब्यांत टाकले होते. त्या दिवसापासून अण्णा रोज दोन तास खुर्चीवर बसून ते साफ करतात. घासलेटमध्ये बुडवून ब्रश मारतात, नट हाताने फिरवून पाहतात. जो फिरत नाही तो बाद. जे ठीक आहेत ते वेगवेगळ्या पुड्यांत घालतात आणि वर आपल्या बारीक अक्षरात लिहितात: डावं मागचं दार, रेडिएटर, पाटा उजवा. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावतो आणि आवळताना हात थोडा आखडता घेतो, कारण ग्रीसमुळे घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

इंजिन गेल्या महिन्यात सुरू झालं. ब्रेकचं काम बाकी आहे. दोन बोल्ट कुठले, ते अजून सापडलेलं नाही. अण्णांनी त्यांची वेगळी पुडी केली आहे आणि वर फक्त प्रश्नचिन्ह काढलं आहे.