प्रतिध्वनीचे वाचन

१९४० साली ब्रिटनच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवर उभ्या असलेल्या ‘चेन होम’ या रडार साखळीच्या यशाचे श्रेय सहसा तिच्या उंच मनोऱ्यांना दिले जाते. परंतु पडद्यासमोर बसणारे कनिष्ठ सैनिक, विशेषतः महिला साहाय्यक हवाई दलातील तरुणी, नसत्या तर ते मनोरे मुकेच राहिले असते. रडार, म्हणजे रेडिओ लहरींच्या परावर्तनावरून वस्तूचा वेध घेणारी यंत्रणा, विमानाचे चित्र दाखवीत नसे. पडद्यावरील आडव्या प्रकाशरेषेत परतलेल्या लहरीची, म्हणजे प्रतिध्वनीची, केवळ एक खाच उमटे. लहर जाऊन परतण्यास एक सहस्रांश सेकंद लागला, तर अंतर सुमारे १५० किलोमीटर असे. दिशेसाठी गोनिओमीटर, म्हणजे परस्परांशी काटकोनात असलेल्या अँटेनांच्या संकेतांची तुलना करणारे उपकरण, खाच जवळजवळ नाहीशी होईपर्यंत फिरवावे लागे. विमानांची संख्या मात्र कोणतेच उपकरण सांगत नसे. एकमेकांत मिसळून थरथरणाऱ्या प्रतिध्वनींच्या आकारावरून ती ताडावी लागे, आणि खरे कौशल्य येथेच होते. ही माहिती दूरध्वनीने बेंटली प्रायरी येथील छाननी कक्षात जाई, जेथे अनेक केंद्रांच्या विसंगत नोंदी पडताळून एकच मार्ग निश्चित होई. १८ ऑगस्ट १९४० रोजी पोलिंग येथील रडार केंद्रावर बाँब पडत असतानाही कॉर्पोरल एव्हिस हर्न यांनी दूरध्वनी सोडला नाही. पुढे त्यांना ‘मिलिटरी मेडल’ मिळाले. ही साखळी समुद्राकडे तोंड करून उभी असल्याने किनारा ओलांडलेल्या विमानांचा माग दुर्बिणी घेतलेले निरीक्षक दल काढीत असे.