पाणवठ्याच्या गावची भाषा

माझी आजी कधी शाळेत गेली नव्हती. साठ रुपये मोजले की ती म्हणायची, "तीन विसा झाले गं!" आम्ही पोरं खुदूखुदू हसायचो. पुढे मी बाई झाले, अंक शिकवू लागले, तेव्हा कळलं की दूर अलास्कातले युपिक लोकसुद्धा विसांनीच मोजतात! त्यांच्या भाषेत माणसाला म्हणतात 'युक', आणि त्यावरून वीसला 'युइनाक'. हातापायांची बोटं संपली, की एक अख्खा माणूस मोजून झाला.

या लोकांचं न्यूटोक नावाचं एक गाव होतं, निंगलिक नदीच्या काठी. तिथली जमीन खालून कायमची गोठलेली. म्हणून तर तिच्यावर घरं टिकायची. पण हवामान तापत गेलं, जमीन विरघळू लागली आणि नदी काठ खात सुटली. काही वर्षी तर वीस-वीस मीटर काठ गेला! गाव जेमतेम साडेतीनशे वस्तीचं. जो तो उठून शहरात गेला असता तर जीव वाचला असता, पण शेजारी इंग्रजी, दुकानात इंग्रजी, मग मुलांशी युपिक बोलणार कोण? पूर्वी अलास्कातल्या शाळांत आपली बोली बोलली म्हणून मुलांना शिक्षा व्हायची. (शिक्षिका असून हे लिहिताना मला संकोच वाटतो.)

गावकऱ्यांनी ठरवलं, जायचं तर सगळ्यांनी मिळून. नदीपलीकडे, सुमारे पंधरा किलोमीटरवर, नेल्सन बेटावर नवं गाव उभारलं. पहिली कुटुंबं २०१९ साली गेली, शेवटची २०२४ साली. गावाचं नाव मेर्तार्विक, म्हणजे झऱ्यावरून पाणी आणायची जागा. आपला पाणवठाच की! यातलं 'विक' म्हणजे जागा. शाळेला म्हणतात 'एलितनाउर्विक', शिकायची जागा.

सगळ्यांनाच एवढा वेळ मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठं वादळ आलं. किपनुक आणि क्विगिलिंगोक या युपिक गावांतली घरं पाण्यावर तरंगत गेली. शेकडो माणसांना विमानांनी अँकरेज शहरात न्यावं लागलं. नशीब, तिथल्या एका शाळेत युपिकमधून शिकवणारे वर्ग आधीपासून चालू होते. गावाकडची काही मुलं त्या वर्गांत जाऊन बसली. शहर अनोळखी, पण फळ्यावर आपले शब्द!

आता जरा मोजा पाहू. माझ्या वर्गाचा पट सत्तेचाळीस, म्हणजे दोन अख्खी माणसं आणि सात बोटं. तुमच्या वर्गाचा किती माणसांचा?