प्रवेशयादीमागील माणसे

दरवर्षी पावसाळ्यात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय, कृषी इत्यादी अभ्यासक्रमांच्या प्रवेशयाद्या जाहीर होतात. यादीत विद्यार्थ्याचे नाव, त्याचे गुण, प्रवर्ग आणि मिळालेले महाविद्यालय एवढाच तपशील असतो. वाचणाऱ्यास ती यंत्राने केलेली मांडणी वाटते, आणि शेवटची जुळणी संगणक करतो हे खरेही आहे. तथापि त्या एका ओळीमागे मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्यापासून गावच्या मुख्याध्यापकापर्यंत अनेकांचे श्रम असतात. त्यांपैकी एकाच्या हातून विलंब झाला तरी गुणवत्ता असूनही विद्यार्थ्याचे नाव दुसऱ्याच रकान्यात जाऊन पडते. यास्तव ही माणसे कोण, व त्यांच्या कामाचे स्वरूप काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नियम घडविणारे

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये उघडण्यास परवानगी दिली आणि राज्यातील तंत्रशिक्षणाचे चित्र पालटले. जागा वाढल्या, त्याचबरोबर देणगीचा प्रश्नही उभा राहिला. त्यास आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये कॅपिटेशन फी घेण्यास मनाई करणारा कायदा राज्याने केला. पुढील तीन दशकांचा इतिहास म्हणजे विधिमंडळ आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यातील एक दीर्घ संवादच होय. १९९३ मध्ये न्यायालयाने खाजगी महाविद्यालयांतील जागांची मोफत व सशुल्क अशी विभागणी करणारी योजना घालून दिली. २००२ मध्ये ११ न्यायाधीशांच्या पीठाने ती मोडीत काढली. २००३ मध्ये प्रवेश व शुल्क यांवर देखरेख करण्यासाठी निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक राज्यात दोन समित्या नेमण्याचा आदेश झाला. २००५ मध्ये पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, विनाअनुदानित खाजगी संस्थांवर शासनास आरक्षण लादता येणार नाही, असा ७ न्यायाधीशांचा निकाल लागला. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून अनुच्छेद १५ मध्ये नवे खंड (५) घातले, आणि राज्याने २००६ मध्ये खाजगी व्यावसायिक संस्थांतील आरक्षणाचा कायदा केला. २०१५ च्या कायद्याने प्रवेश नियामक प्राधिकरण, शुल्क नियामक प्राधिकरण आणि सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष यांची आजची रचना उभी राहिली.

या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी मसुदा लिहिला आहे. तंत्रशिक्षण संचालनालयाकडून प्रस्ताव येतो, विभागातील कक्ष अधिकारी त्याची टिप्पणी तयार करतो, विधी व न्याय विभाग शब्दाशब्दाची छाननी करतो, आणि मग तो राजपत्रात येतो. नियमात ‘आणि’ ऐवजी ‘किंवा’ पडला तर काय अनर्थ होतो, हे या लोकांइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल. त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत. नियम चुकला की मात्र त्यांचा शोध सुरू होतो.

परीक्षेच्या बाजूसही असाच अनाम वर्ग आहे. २०१९ पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा संगणकावर आणि अनेक सत्रांत घेतली जाते. निरनिराळ्या सत्रांच्या प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण असतील अशी खात्री देता येत नाही. म्हणून थेट गुणांऐवजी पर्सेंटाइल काढतात. म्हणजे आपल्या सत्रातील शेकडा किती परीक्षार्थींचे गुण या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, ते पाहतात. शंभरपैकी नव्वद गुण आणि नव्वद पर्सेंटाइल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पालकांना समजावून सांगण्याचे काम बहुधा शिक्षकांवरच येऊन पडते.

दाखल्याची वाट

परंतु ग्रामीण भागातील राखीव प्रवर्गाच्या विद्यार्थ्याची खरी कसोटी परीक्षेनंतर, कागदपत्रांच्या टेबलाशी लागते. उपविभागीय अधिकाऱ्याने दिलेला जातीचा दाखला आरक्षित जागेसाठी पुरेसा होत नाही. त्या दाखल्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र मिळावे लागते. ही व्यवस्थाही महाराष्ट्रातील एका प्रकरणातूनच आकारास आली. वैद्यकीय प्रवेशासाठी केलेल्या अनुसूचित जमातीच्या दाव्याविषयी २ सप्टेंबर १९९४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची संपूर्ण पद्धतच घालून दिली. पडताळणी समिती कशी असावी, पोलीस अधिकाऱ्यांचे दक्षता पथक कसे असावे, त्याने अर्जदाराच्या मूळ गावी जाऊन काय तपासावे, हे सारे त्यात आले. प्रवेशापूर्वी किमान ६ महिने अगोदर अर्ज करावा, असेही न्यायालयाने त्याच वेळी सांगून ठेवले होते. राज्याने पुढे या विषयावर २००० चा अधिनियम केला आणि तो ऑक्टोबर २००१ मध्ये अमलात आला. दावा खरा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी या अधिनियमाने अर्जदारावर ठेवली आहे.

आता सिद्ध करावयाचे म्हणजे काय? पुरावा मानीव दिनांकापूर्वीचा असावा, अशी अपेक्षा असते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. म्हणजे आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आजोबांच्या अथवा पणजोबांच्या नावाचा कागद शोधावा लागतो. ज्या कुटुंबात शाळेची पायरी प्रथम वडिलांनीच चढली, त्या कुटुंबात पणजोबांचा शाळेचा दाखला असणार कोठून? अन्याय दूर करण्यासाठी केलेल्या तरतुदीचा पुरावा, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याकडेच सर्वांत कमी असतो. ही या व्यवस्थेतील मोठीच अडचण होय. दुसऱ्या बाजूने, पडताळणी सैल केली तर खोट्या दाखल्यावर जागा घेणारा उमेदवार खऱ्या आदिवासी मुलाचीच जागा घेतो. समितीच्या सदस्यांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र समित्या आहेत. इतर प्रवर्गांसाठी जिल्हानिहाय समित्या असून तेथे संशोधन अधिकारी सदस्य-सचिव म्हणून काम पाहतो. प्रत्यक्ष धारिका त्याच्या टेबलावरून पुढे जाते. कागद समाधानकारक असले तर प्रकरण लवकर निकालात निघते. वडिलांकडील रक्तनात्यातील कोणास यापूर्वी वैधता मिळाली असेल तर तो महत्त्वाचा आधार ठरतो. शंका आली की प्रकरण दक्षता पथकाकडे जाते आणि पथकातील माणूस गावात येतो. तो शाळेचे जनरल रजिस्टर पाहतो, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढतो, वडीलधाऱ्यांचे जबाब घेतो. जमातीच्या दाव्यात चालीरीती, देवदेवता, विवाहविधी यांविषयीही विचारणा होते. शहरात वाढलेल्या मुलास आपल्या जमातीचे विधी सांगता आले नाहीत, म्हणून दावे फेटाळले जात असत. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात, ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी ठरू शकत नाही आणि घटनापूर्व काळातील कागदपत्रांना अधिक वजन आहे, असे स्पष्ट केले.

पण असे कागद वाचता यावयास हवेत. पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील कित्येक जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तेथील पुष्कळसे दफ्तर उर्दूत आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, त्या वेळी मोडी व उर्दूच्या जाणकारांची निकड साऱ्या राज्यास जाणवली. एखाद्या निवृत्त मोडी-वाचकाने पिवळ्या पडलेल्या कागदावरील दोन शब्द उलगडले, यावरही एखाद्या घराण्यातील मुलांचे प्रवेश ठरू शकतात.

शाळेचे कपाट

या साखळीतील अत्यंत दुर्लक्षित दुवा म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. जातीच्या नोंदीवरील खाडाखोड, वेगळ्या शाईत मागाहून घातलेला शब्द, वाळवीने खाल्लेले पान, या गोष्टी वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. पन्नास वर्षांनी त्याच पानाची प्रमाणित प्रत समितीसमोर जाते आणि खाडाखोड दिसताच दक्षता चौकशी लागते. खाडाखोड निष्काळजीपणाची होती की हेतुपुरस्सर, हे सांगावयास तेव्हाचे गुरुजी हयात नसतात. उतारा देताना मूळ नोंद जशी आहे तशीच उतरविणे, स्वतःच्या समजुतीप्रमाणे ती ‘सुधारून’ न देणे, एवढी दक्षता मुख्याध्यापकाने घेतली तरी विद्यार्थ्यांची पुष्कळ ससेहोलपट टळते.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राचीही तीच कथा. ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. वर्षापूर्वीचे प्रमाणपत्र घेऊन मूल सुविधा केंद्रावर जाते आणि तेथील प्राध्यापकाला ‘चालणार नाही’ असे सांगावे लागते. हे प्राध्यापक एरवी यंत्रशास्त्र वा रसायनशास्त्र शिकविणारे. प्रवेशाच्या दिवसांत ते कागदपत्रे तपासतात, रडवेल्या पालकांची समजूत घालतात आणि पसंतीक्रम कसा भरावा हेही सांगतात. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारणे बंधनकारक असते. मित्राने सांगितले म्हणून नको असलेले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्या मुलास ही गोष्ट फार उशिरा कळते.

कागदाअभावी अडलेल्या माणसामुळे धोरणच बदलल्याचेही उदाहरण आहे. अनाथाश्रमात वाढलेल्या एका तरुणीने स्पर्धा परीक्षेत यश मिळविले. परंतु आईवडीलच ठाऊक नसल्याने उत्पन्नाचे, जातीचे प्रमाणपत्र आणणार कोठून? तिने शासनाकडे दाद मागितली. २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण लागू केले.

वैधता प्रमाणपत्र वेळेत सादर न झाल्यास विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो. राखीव जागा जाते आणि शुल्कसवलतही जाते. काही वर्षी शासनाने अर्जाची पोचपावती ग्राह्य धरून मुदत वाढवून दिली आहे. पण ती मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. विज्ञान शाखेचा विद्यार्थी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत समितीकडे अर्ज करू शकतो. तो अकरावीतच केला, तर दक्षता पथकाची फेरी, त्रुटीची पूर्तता आणि सुनावणी यांस वर्ष-दीड वर्षाचा अवधी मिळतो. बारावीच्या निकालानंतर केलेल्या अर्जास जेमतेम काही आठवडे उरतात आणि त्याच आठवड्यांत प्रत्येक समितीसमोर धारिकांचे ढीग लागलेले असतात.