ताप १००.४ : बाबांचा ल्युकेमिया आणि मी न वाचलेली एक ओळ

गेले चार महिने इथे एकही पोस्ट आली नाही, त्याचं कारण आज सांगते. माझ्या बाबांना एएमएल, म्हणजे ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया झाला आहे. मी पेशीजीवशास्त्रात पीएचडी करते. त्यामुळे निदान झालं त्याच रात्री पेपर वाचायला बसले. तीन आठवड्यांत चाळीसेक पेपर झाले. एफएलटी३, एनपीएम१, सर्व्हायव्हल कर्व्ह, सगळं. पण आम्हाला खरी गरज होती ती एक ओळ आमच्याच फ्रिजवर लावलेल्या डिस्चार्ज कार्डावर होती : ‘ताप १००.४ च्या वर गेल्यास लगेच या.’

त्या रात्री काय झालं

पहिली केमो लागू पडली होती. पुढचा टप्पा, म्हणजे सायटाराबिनचा मोठा डोस घेऊन बाबा घरी आले. बाराव्या दिवशी रात्री अकराला त्यांना १००.८ ताप आला. आईने पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, बाबा झोपले. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. ‘तू वाचत होतीस, म्हणून हाक नाही मारली,’ आई नंतर म्हणाली. सकाळी सहाला बाबा थडथड कापत होते आणि बीपी खूप खाली गेलं होतं. सेप्सिस. नऊ दिवस आयसीयू, त्यातले चार व्हेंटिलेटरवर.

एएनसी म्हणजे काय

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींची एकूण संख्या असते आणि त्यात न्यूट्रोफिल किती टक्के, तेही असतं. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे एएनसी. पांढऱ्या पेशी ८०० आणि न्यूट्रोफिल १० टक्के, तर एएनसी ८०. निरोगी माणसात तो साधारण १,५०० च्या वर असतो. ५०० च्या खाली गेला की धोका खूप वाढतो. बाबांचा त्या सकाळी ४० होता.

असं का होतं? केमो भराभर विभागणाऱ्या पेशी मारते. त्यात ल्युकेमियाच्या पेशी जातात, तशाच अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही जातात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम एखादा दिवस. मज्जेचा कारखाना बंद पडला की ज्याचं आयुष्य कमी त्याचा साठा आधी संपतो. म्हणून केमो संपून माणूस घरी येतो, जेवू लागतो, आणि नेमका तेव्हाच सगळ्यात असुरक्षित असतो.

एकच लक्षण

पू, सूज, एक्स-रेमधला न्यूमोनियाचा डाग, यांत न्यूट्रोफिलचा मोठा वाटा असतो. न्यूट्रोफिलच नाहीत, तर यांतलं काहीच धड दिसत नाही. उरतो फक्त ताप. आणि पॅरासिटामॉलने तोच झाकला जातो. जंतू मात्र वाढत राहतात.

म्हणूनच याला इमर्जन्सी धरतात. रक्त कल्चरला घेतात, पण रिपोर्टची वाट पाहत नाहीत. पेशंट दारात आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा प्रयत्न असतो.

आईला वाटत होतं, आपल्या स्वयंपाकात काहीतरी चुकलं, भाजी नीट धुतली गेली नाही. बाबांच्या कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, तो आपल्या आतड्यात एरवीही राहतो. केमोने तोंडापासून आतड्यापर्यंतचं आतलं अस्तर सोलवटतं आणि तिथलेच जंतू रक्तात उतरतात. आईला कागदावर आतड्याचं चित्र काढून हे समजावलं. ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे माझ्या हातून नाही झालं?’ चाळीस पेपरांचा खरा उपयोग झाला तो एवढाच. माझ्या हातून काय राहिलं, ते मात्र मला माहीत आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर

आपल्याला सवय असते यंत्रणा शोधायची, ‘का’ विचारायचं. घरात आजारी माणूस असताना आधी ‘काय झालं तर काय करायचं’ हे वाचा. डिस्चार्ज कार्ड प्रोटोकॉलसारखं वाचा, आणि रात्री पेशंटजवळ जो असतो त्याला ते तोंडपाठ असू द्या. आमच्या घरी आता थर्मामीटरला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे : आधी फोन, मग गोळी.

सर्व्हायव्हल कर्व्ह रात्री एकट्याने बघू नका. तो शेकडो लोकांचा असतो, आपला माणूस त्यात कुठे बसतो हे त्यावरून कळत नाही. प्रश्न लिहून ठेवा आणि राउंडला डॉक्टरांना विचारा.

गाइडना पहिल्याच आठवड्यात सांगा, आणि ईमेलने सांगा. मी महिनाभर लपवलं आणि प्रयोग बिघडवत राहिले. सांगितल्यावर दोन दिवसांत माझ्या सेल लाइन लिक्विड नायट्रोजनमध्ये गेल्या. पेशी थांबतात, बाबांचा आजार थांबणार नव्हता. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला सहा वर्षं मिळतात, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत वाढू शकते. रजेचे आणि फेलोशिपचे नियम आपल्या विभागात आधीच विचारून घ्या.

लोक ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात, तेव्हा खरंच सांगा. प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दाते पुन्हा पुन्हा लागतात. माझ्या लॅबमधल्या तिघांनी येऊन एसडीपी दिल्या. एकाने माझी जर्नल क्लबची पाळी घेतली. तीही मदतच.

बाबा आता घरी आहेत. पुढची केमो सोमवारी. काल मला म्हणाले, ‘डॉक्टरीणबाई, आज एएनसी किती?’ २,१०० आहे. ही पोस्ट मी त्यांच्याच खोलीत बसून लिहिते आहे.