मोटार खालीं बसवावी काय?

मोटारीविषयीं आम्हीं लेखणी हातीं धरावी, हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस विनोदाचें वाटेल. आमची हयात शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेली. रथाच्या अक्ष, नाभि, अर, नेमि या अवयवांपलीकडे वाहनशास्त्राशीं आमचा परिचय नव्हता. परंतु एकत्र कुटुंबांत एकाची हौस ही एकट्याची राहत नाहीं. मोटार कोणाच्याही नांवावर असो. आजीला डॉक्टरांकडे, सुनांना माहेरीं व साऱ्यांना गांवीं तीच नेते. म्हणून तिच्या चार स्प्रिंगांचा प्रश्न आमच्या ओसरीवर आला आणि तेथें सहा महिने मुक्काम करून राहिला.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ही मोटार कोणा सद्गृहस्थाकडून जुनी विकत घेतली. ही मोटार पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत तयार होत असे. २०१३ सालीं ती बाजारांत आली तेव्हां तींत १०५ अश्वशक्तीचें यंत्र होतें. २०२२ सालीं येथील पोलोचें उत्पादन थांबलें. अंगानें लहान व यंत्रानें दांडगी अशा या मोटारीच्या मालकांस एक शल्य सदैव टोंचत असतें. आपल्या रस्त्यांसाठीं ती जमिनीपासून सुमारें १६५ मिलिमीटर उंच ठेवलेली आहे. त्यामुळें चाक व त्यावरील पत्र्याची कमान यांमध्यें चार बोटें पोकळी दिसते. "काका, गाडी वळणावर झुकते, आणि दिसते तर अगदीं बगळ्यासारखी!" असें आमचे चिरंजीव म्हणत. यांतलें पहिलें कारण तोंडी लावण्यापुरतें होतें, हें आम्हांस तेव्हांच कळावयास हवें होतें.

श्रावणांत त्यांनीं आम्हांस न सांगतां एका गॅरेजांत चार आंखूड व कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या. मोटार ३५ मिलिमीटर खालीं आली. शॉक मात्र मूळचेच, ऐंशी हजार किलोमीटर चाललेले, तसेच राहिले. शहरांत मोटार दिसावयास झोंकदार व चालावयास टणक झाली, एवढेंच. गणपतीसाठीं मातोश्री, आम्ही उभयतां, चिरंजीव व सूनबाई असे पांच जण सामानासह ताम्हिणी घाटानें कोंकणांत निघालों. एका डाव्या वळणावर रस्ता उखडलेला होता. उजवें पुढचें चाक खड्ड्यांत जातांच घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला आणि मोटार हातभर उजवीकडे, समोरून येणाऱ्या एस. टी.च्या बाजूस उडाली. चिरंजीवांनीं ती आंवरली. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. त्या वाटेंत एक अक्षर बोलल्या नाहींत. परंतु संध्याकाळीं आरतीस त्यांना पाटावर बसवेना, तेव्हां आमच्या घरांत जी शांतता पसरली ती अद्याप आमच्या स्मरणांत आहे.

बंधु म्हणाले, "मोटार विकून टाका." चिरंजीव खालीं मान घालून उभे होते. आम्हीं निर्णयापूर्वीं कारण शोधण्याची मुदत मागून घेतली.

तर्कसंग्रहांत संस्कार या गुणाचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन भेद सांगितले आहेत. चटई वांकवून सोडली असतां पुनः पूर्ववत् होते, तो स्थितिस्थापक. स्प्रिंगचा धर्म हाच. पण स्प्रिंगेंत एक अवगुण असा कीं, ती पूर्वस्थानीं येऊन थांबत नाहीं. वेगाच्या भरांत पलीकडे जाते, परत येते, पुनः जाते. हा झोका मोडण्याचें काम शॉक-अॅब्सॉर्बरचें. मिस्त्री लोक त्यास 'शॉकअप' म्हणतात. नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून नेटानें वाहतें, आणि धक्क्याची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे भार पेलते स्प्रिंग आणि तिला शिस्त लावतो शॉक. स्प्रिंग जितकी कडक, तितका तिला आंवरणारा शॉक समर्थ हवा. आमच्या मोटारींत विद्यार्थी दांडगा झाला आणि मास्तर तेच थकलेले राहिले!

दुसरें कारण याहून गंभीर होतें. शॉकच्या दांड्यास वरखालीं होण्यास ठराविक जागा असते. मोटार खालीं बसविली कीं वरच्या बाजूची जागा तेवढी कमी होते. पांच माणसांच्या भारानें आणखी कमी होते. जागा संपली म्हणजे शेवटीं असलेल्या रबरी बफरवर सारा भार आपटतो. त्या क्षणीं स्प्रिंग असून नसल्यासारखी होते, टायरची रस्त्यावरील पकड सुटते, आणि वळणाच्या बाहेरील चाकाची सुटली तर मोटार बाहेर फेंकली जाते. ताम्हिणींत नेमकें हेंच घडलें.

आणखी एक गोष्ट आम्हांस मोठी चमत्कारिक वाटली. पोलोच्या पुढील चाकांस मॅकफर्सन पद्धतीची रचना आहे; तींत शॉक व स्प्रिंग एकाच दांड्यावर असतात आणि खालून एक आडवा आर्म चाकास धरतो. मोटार फार खालीं आणली कीं हा आर्म चाकाच्या बाजूस वर चढतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोंवतीं मोटार कलते तो बिंदु मोटारीच्या गुरुत्वमध्यापेक्षां अधिक खालीं उतरतो. दोहोंतील अंतर, म्हणजेच तरफेचा हात, वाढतो. उंची कमी करूनही मोटारीची कलण्याची ओढ वाढूं शकते, तें असें. मग ती दाबण्यास स्प्रिंग आणखी कडक हवी, आणि ती सोसावयास पाठ आमची!

बाजारांत पर्याय पुष्कळ आहेत. आयबाख व एच अँड आर हीं स्प्रिंगांचीं जर्मन नांवें. शॉकमध्यें जर्मनीचे बिल्स्टाइन व हॉलंडचे कोनी. मापाच्या स्प्रिंगा व त्यांच्या जोडीचे आंखूड शॉक असा जुळलेला संच मिळतो, आणि सुट्या स्प्रिंगांपेक्षां तो केव्हांही बरा. उंची कमीजास्त करतां येणारे 'कॉइलओव्हर'ही मिळतात. शर्यतीच्या मैदानावर त्यांचें मोल असेल; पण आमच्या घरीं रोज पाना घेऊन बसणार कोण? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३·७ मीटर रुंद असावा. आमच्या पेठेंतील गतिरोधकांस हा नियम कोणीं वाचून दाखविलेला दिसत नाहीं. तेव्हां भरलेल्या मोटारीची उंची घालविणें आम्हांस परवडणारें नव्हतें. कायद्याचीही बाब आहे : मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणींतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. कोणताही फेरफार करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत विचारून घ्यावें.

शेवटीं आम्ही एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं मोटार वर उचलून चाकें हालवून पाहिलीं आणि म्हणाले, "मास्तर, आधीं हिचे सांधे बघा, तालीम मागाहून." पुढच्या शॉकवरील रबरी माउंट फाटलेले होते, लोअर आर्मचे बुश ढिले झाले होते, आणि टायर एका बाजूनें झिजलेले. नव्या स्प्रिंगांनंतर अलाइनमेंट केलेलेंच नव्हतें!

निर्णय असा झाला : स्प्रिंगा मूळच्या, उंची मूळची, शॉक मात्र चारही नवे, एकनळी व दाबलेल्या वायूचे. बिल्स्टाइननें १९५७ सालीं मर्सिडीज-बेंझसाठीं याच जातीचे शॉक प्रचारांत आणले. त्यांत तेल व वायु यांमध्यें सरकता पडदा असतो. त्यामुळें खराब रस्त्यावर तेलास फेंस येऊन शॉक नरम पडण्याची भीति फार कमी. या घराण्याच्या बी ६ या जातीचे शॉक मूळ उंचीसाठीं आणि बी ८ हे आंखूड शॉक खालीं बसविलेल्या मोटारीसाठीं असतात. घेतांना हा भेद विचारावा. दुकानदार आपण होऊन सांगेलच असें नाहीं. माउंट, बुश, बफर व टायर नवे घातले आणि अलाइनमेंट करून घेतलें. शॉकची किंमत चिरंजीवांनीं भरली, टायरची आम्हीं.

माघांत त्याच पांच जणांनीं त्याच घाटानें प्रवास केला. खड्डा बुजलेला नव्हता. मोटार त्यांत उतरली, एकदां वर आली आणि स्थिर झाली; दुसरा झोका नाहीं. वळणावर ती पूर्वीइतकी कलत नाहीं, असें चिरंजीव म्हणतात. आम्हांस तेवढें समजत नाहीं. मातोश्रींनीं मात्र माणगांव आल्यावर डोळे उघडून विचारलें, "घाट केव्हां लागणार रे?"

चाकावरची चार बोटांची पोकळी तशीच आहे, आणि ती पाहून चिरंजीव अजून उसासा टाकतात. त्या चार आंखूड स्प्रिंगा वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. त्या विकाव्या असें बंधूंचें मत; परंतु दुसऱ्या कोणाच्या घरीं त्या जाव्या काय, यावर आमच्याकडे अद्याप एकमत झालेलें नाहीं.