रोग की मारेकरी?

बंद खोलीत एक मनुष्य मेलेला आढळतो. अंथरूण रक्ताने भिजलेले, भिंतीवर शिंतोडे. आळीत कुजबूज सुरू होते, ‘खून झाला!’ आणि आदल्या दिवशी ज्याच्याशी त्याचे भांडण झाले, त्याच्याकडे बोटे वळतात. शवविच्छेदनात मात्र अंगावर एकही जखम सापडत नाही. फुफ्फुसात क्षयाने पोखरलेली पोकळी असते व तिच्यातील रक्तवाहिनी फुटलेली असते. रक्त आले ते खोकल्याबरोबर तोंडावाटे. न्यायवैद्यकाच्या अभ्यासकाला असे प्रसंग परके नाहीत.

आता जिन्याखाली पडलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. कपाळावर खोक आहे, मेंदूत रक्तस्राव आहे. त्याला कोणी ढकलले काय? की आधी रक्तस्राव झाला आणि म्हणून तो पडला? आघाताने होणारा रक्तस्राव बहुधा कवटी व मेंदू यांच्यामध्ये किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर असतो. रक्तदाबाच्या रोग्याची धमनी फुटते ती बहुधा मेंदूच्या आत, खोलवर. हृदय वाढलेले असले, तर त्या तर्काला पुष्टी मिळते. एकाच खुणेवर निर्णय देता येत नाही.

परंतु रोग सापडला म्हणजे मारणारा सुटला, असेही नव्हे. निरोगी प्लीहा, म्हणजे आपली पांथरी, सुमारे १५० ग्रॅम वजनाची असते. जुनाट हिवतापाने ती कित्येक पट वाढते आणि हलक्याशा तडाख्यानेही फुटते. आग्र्यास फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपला मोतद्दार कटवारू याला मारले व तो मेला; त्याची प्लीहा फुटलेली निघाली. फुलरला दंड झाला अवघा ३० रुपये! १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर उघड नापसंती व्यक्त केली. आजचा कायदा, २०२३ ची भारतीय न्याय संहिता, म्हणतो की रोगी माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर घडविणारा त्या मृत्यूस कारण ठरतो. मात्र रोगाची माहिती नव्हती, मारण्याचा हेतू नव्हता आणि निरोगी माणूस मेला नसता इतकाच तो मार होता, तर तो खून नव्हे.

तेव्हा शवविच्छेदनाला आपण प्रेताची विटंबना समजू नये. ते मृताची बाजू मांडते, तसेच जिवंत निरपराध्याचीही. संशयास्पद मृत्यूच्या जागी आपण काही हलवू नये, धुऊ नये. आणि अहवाल येईपर्यंत कोणाचे नाव तोंडी आणू नये. फासाची दोरी पुष्कळदा आळीतल्या कुजबुजीतूनच वळली जाते.