परदेशी सुनेचे कागद : निकाहापासून नागरिकत्वापर्यंत

निकाह एका दिवसात होतो. इजाब-कबूल, दोन साक्षीदार, मेहेरची रक्कम, काझीसाहेबांची सही. खजूर वाटले की सून घरची झाली. पण तीच सून परदेशी पासपोर्टवर आली असेल, तर सरकारच्या दफ्तरात 'इथली' व्हायला तिला किमान सात वर्षं लागतात. या सात वर्षांत घरातल्या एका चुकीचा भुर्दंड सुनेला, नातवाला आणि सगळ्या घराला भरावा लागू शकतो.

आपल्या समाजात अशी लग्नं नवी नाहीत. कोकणातल्या घरांची नाती कराचीपासून केपटाऊनपर्यंत पसरली आहेत. मालेगाव, भिवंडी, नाशिककडच्या कितीतरी घरांत मामा इकडे, मावशी सरहद्दीपलीकडे. आखातात नोकरीला गेलेला मुलगा तिथेच कुणाशी तरी निकाह करून येतो. मुलगी आवडते, खानदान ओळखीचं असतं, आणि कागदांचं काय ते 'बघू नंतर' म्हणून राहून जातं.

ग्रीन कार्ड इथे नाही

पहिला गैरसमज इथेच दूर करू या. अमेरिकेत लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळतं, तसं कायम रहिवासाचं कार्ड भारतात नाही. २०१६ साली केंद्राने कायम रहिवासाची जी योजना मंजूर केली, ती मोठी रक्कम गुंतवणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांसाठी होती. सुनेसाठी तीन पायऱ्या आहेत : मुदतीचा व्हिसा, काही जणींसाठी ओसीआय कार्ड, आणि शेवटी नागरिकत्व.

दुसरा गैरसमज असा, की नवरा भारतीय म्हणजे बायकोही आपोआप भारतीय. हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेचच कोर्टात गेला होता. गयेच्या एका मोठ्या जमीनदार घराण्यातली राणी जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली आणि नंतर तात्पुरत्या परवान्यावर परतली. नवरा भारतातच होता. बायकोचं ठिकाण तेच जे नवऱ्याचं, असा तिच्या बाजूने युक्तिवाद झाला. १९५५ साली 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंग' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. बायकोचं नागरिकत्व तिच्या स्वतःच्या कागदांवर ठरतं, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

पासपोर्ट कोणत्या देशाचा?

पुढची सगळी वाट या एका प्रश्नावर ठरते.

सून दक्षिण आफ्रिका, केनिया, ब्रिटन अशा देशाची असेल तर ती पत्नी म्हणून प्रवेश व्हिसा घेऊन येते. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं पूर्ण झाली की ती ओसीआय कार्डासाठी अर्ज करू शकते. हे कार्ड मिळालं की व्हिसाच्या मुदतवाढीची धावपळ संपते. मात्र ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, आणि लग्न कायदेशीररीत्या संपुष्टात आलं तर हे कार्ड रद्द होऊ शकतं.

सून पाकिस्तान किंवा बांगलादेशाची असेल तर ओसीआयचं दार बंद आहे. ती स्वतः, तिचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यापैकी कुणीही कधी या दोन देशांचं नागरिक राहिलं असेल, तरी कार्ड मिळत नाही. म्हणजे आज लंडनचा पासपोर्ट असला पण आजोबा कराचीचे असले, तरी नकार येणार. स्थळ पाहतानाच हा प्रश्न विचारावा.

पाकिस्तानी पत्नीसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे एलटीव्ही, ही वाट आहे. भारतीय पुरुषाशी लग्न करून इथे राहणाऱ्या पाकिस्तानी स्त्रियांचा त्यात वेगळा वर्ग आहे. पाकिस्तानी जावयासाठी तसा वर्ग नाही. तिने भारतात पोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे नोंदणी करायची असते, १४ दिवसांत नव्हे.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याबद्दल काही घरांतून विचारणा होते. त्या कायद्याची सवलत मुस्लिमांना लागू नाही. आपल्या सुनेची वाट १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मधूनच जाते.

देवळाली कॅम्पातल्या घरांसाठी

देवळाली कॅम्प ही लष्करी छावणी आहे, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे. ब्रिटिश काळात मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन्महिने इथे वाट पाहत. त्या कंटाळ्यावरून या गावाचं नाव बिघडून इंग्रजीत 'डुलाली' म्हणजे डोकं फिरलेला असा शब्दच रूढ झाला. आज वाट पाहणारी एखादी परदेशी सून असेल, तर तिच्यासाठी छावणीचा अर्थ वेगळा आहे.

ई-व्हिसावर स्पष्ट अट असते, की संरक्षित, प्रतिबंधित आणि छावणी भागात हा व्हिसा चालत नाही. पाकिस्तानी नागरिकांना तर व्हिसात लिहिलेल्या ठिकाणांपुरतीच मुभा असते. म्हणून लॅम रोडवरच्या घरी सुनेचं सामान उतरवण्याआधी व्हिसावरची बारीक अक्षरं वाचा. घर छावणीच्या हद्दीत येत असेल तर परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखीच घ्या. 'पोलीस ओळखीचे आहेत' हे उत्तर नव्हे. गरज पडली तर परवानगी येईपर्यंत नाशिक रोड किंवा शहरात एखादी खोली घेणं परवडलं. देवळाली कॅम्प पोलीस ठाणं नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाखाली येतं. व्हिसाचे अर्ज आता ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात, आणि नागरिकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे आणि तिथून दिल्लीला जातो.

निकाहनामा पुरेसा नाही

शरीअतच्या दृष्टीने निकाहनामा पुरेसा आहे, पण सरकारी अर्जांसाठी लग्नाची नोंदणी लागते. महाराष्ट्रात ती १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. हा कायदा मुस्लिम विवाहांनाही लागू आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठामपणे सांगितलं. ते प्रकरण ठाण्यातलं होतं. पत्नी अल्जीरियाची, आणि हे नवऱ्याचं तिसरं लग्न असल्याने महापालिकेने नोंदणी नाकारली होती. न्यायालयाने तो नकार रद्द करून फेरविचार करायला सांगितलं.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, अशी ताकीद सूरह अल-बकरामध्ये आहे. चार पैशांच्या व्यवहाराला जी काळजी सांगितली, ती एका मुलीच्या आयुष्याच्या व्यवहाराला नको का? वलीम्याच्या हॉलचं बुकिंग सहा महिने आधी करणाऱ्या घराने नोंदणीची तारीखही तेव्हाच ठरवावी.

बाळाचा प्रश्न

सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि तो फार थोड्या घरांना माहीत असतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल नागरिक ठरण्यासाठी एक पालक भारतीय असणं पुरेसं नाही. दुसरा पालक त्या वेळी 'बेकायदा स्थलांतरित' नसावा लागतो. आणि व्हिसाची मुदत संपल्यावर थांबलेली व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत 'बेकायदा स्थलांतरित'च.

समजा, सुनेचा व्हिसा मे महिन्यात संपला. बाळंतपणाच्या गडबडीत मुदतवाढ राहिली आणि जूनमध्ये बाळ जन्मलं. बाप भारतीय, दवाखाना भारतीय, जन्माचा दाखला भारतीय. तरी त्या बाळाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागतं, आणि ते शाळेत नाही तर पासपोर्टच्या वेळी पुढे येतं. म्हणून गरोदरपणात डॉक्टरांच्या तारखेसोबत व्हिसाची तारीखही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. व्हिसा नसलेली परदेशी पत्नी कलम ५ खाली अर्जही करू शकत नाही.

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. त्या दिवसांत अटारीवर आई पाकिस्तानी पासपोर्टवर आणि मुलं भारतीय पासपोर्टवर, अशी ताटातूट देशाने पाहिली. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. त्यात मुदत संपून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सात वर्षांचा हिशेब

नागरिकत्वाच्या अर्जासाठी भारतीयाशी लग्न आणि सात वर्षांचा रहिवास लागतो. त्याचा हिशेब असा : अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं भारतात.

अडचण येते ती शेवटच्या वर्षात. अम्मी आजारी असल्याचा कराचीहून फोन येतो आणि सुनेला जावंच लागतं. विशेष परिस्थितीत सरकार या १२ महिन्यांत जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं, तीही कारण लेखी नोंदवून. ही सूट हक्क नाही. माहेरी जायला सुनेला अडवू नका, पण आधीच्या वर्षांतले प्रवास असे आखा की शेवटच्या वर्षी अशी वेळ आली तरी अर्ज फार तर पुढे ढकलावा लागेल, हातचा जाणार नाही. जाण्याआधी परतीचा व्हिसा पक्का आहे ना, हे पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका.

आणखी तीन गोष्टी सांभाळा.

एक, सुनेचा परदेशी पासपोर्ट मुदतीत नवा करत राहा. पासपोर्ट संपला की व्हिसाही अडकतो.

दोन, कुणाच्या सांगण्यावरून तिचं नाव मतदार यादीत घालू नका. मतदार फक्त भारतीय नागरिकच होऊ शकतो आणि खोटी माहिती देणं गुन्हा आहे. माहिती लपवून मिळवलेलं नागरिकत्व पुढे काढूनही घेता येतं.

तीन, घाईने जुनं नागरिकत्व सोडू नका. अर्ज करताना ते सोडण्याची हमी द्यायची असते, आणि मंजुरीचं पत्र आल्यावर प्रत्यक्ष सोडायचं असतं. आधीच सोडलं आणि इकडचं लांबलं, तर ती कुठल्याच देशाची राहत नाही. पाकिस्तानच्या कायद्यात २१ वर्षांखालील व्यक्ती अज्ञान मानली जाते आणि तिला नागरिकत्व सोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या. शेवटी संविधानाशी निष्ठेची शपथ होते आणि प्रमाणपत्र हाती येतं.

फाइल कुणाच्या हातात?

बहुतेक घरांत सुनेचा पासपोर्ट सासऱ्यांच्या कपाटात असतो. हेतू चांगला असतो, कागद हरवू नयेत. पण भांडण झालं की तेच कपाट धमकी बनतं : 'मुदतवाढीवर सही करणार नाही, मग बघ.' माहेर हजारो मैलांवर असलेल्या मुलीला याहून मोठी भीती नाही. हे कागद तिची अमानत आहेत. मूळ प्रती तिच्याजवळ असाव्यात, घरात नकला असाव्यात, आणि अर्जात काय लिहिलं आहे हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगावं.

आज रात्री जेवणं झाली की तिच्यासोबत बसून तीन तारखा तपासा : पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कधी संपतो, आणि ती भारतात सर्वात आधी कोणत्या दिवशी दाखल झाली. तिसऱ्या तारखेपासून सात वर्षं मोजायला सुरुवात करा.